दोना लुर्देसला कुणी नाही

साओ मिगेल, १७ मार्च १९९६

जुसारा,

देव तुझं कल्याण करो. तू मागितला नाहीस तरी देऊन ठेवते. आशीर्वाद म्हणजे काही दूध नाही नासायला.

हे पत्र इव्होनी लिहिते आहे, तिच्या दुकानात बसून. मागे केस वाळवायचं यंत्र घोंघावतंय आणि मधूनच ती कुणाच्या तरी डोक्याला रंग लावायला उठते. एखादं वाक्य लंगडं आलं तर राग तिच्यावर काढ. अक्षर तिचं, बोलणं माझं. मला वाचता येत नाही, त्यामुळे ती काय लिहिते हे तपासायचा माझ्याकडे एकच उपाय आहे, तिच्या भुवयांकडे बघायचं. खोटं लिहिताना डावी भुवई वर जाते. आत्ताच गेली.

रविवारी तू आली नाहीस. त्याच्या आधीच्या रविवारीही नाही. दुकानात फोन आहे आणि नंबर तुला पाठ आहे. तुझं बोट मोडलं असेल म्हणावं, तर बोट मोडल्याचं तरी कळवायचंस.

आता तू म्हणशील, म्हातारीला काही कळलेलं नाही. अगं, निळा स्वेटर! एक बाही लांब, एक आखूड. असा स्वेटर साऱ्या साओ पावलोत एकच आहे, कारण तो विणणारी मीच. त्या इमारतीतून बाहेर पडताना मला तो खुंटीवर लटकलेला दिसला, त्या आरशाच्या खोलीला लागून. तेव्हा मला कळलं, आरशामागे कोण बसलं होतं.

इव्होनी केस कापते ते नावापुरतं. तिचा खरा धंदा कंपन्यांना माणसं पुरवायचा. तुला हे माहीत आहे, पण तिलाही एकदा तिच्याच हातानं लिहू दे. नवा साबण, नवं दही काढायचं झालं की कंपनीला आमच्यासारख्या बायकांचं मत लागतं. मग टेबलाभोवती बसवतात, चीजचे गोल पाव खाऊ घालतात आणि एक गोड बोलणारी बाई विचारते, "हा वास घेतल्यावर तुम्हाला कोण आठवतं?" भिंतीवर मोठा आरसा. त्यामागे साहेब लोक बसून आपल्याला बघतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळ्या जणी ठाऊक नसल्यासारख्या केस सारख्या करतात. एकदा बसलेल्या बाईनं पुन्हा लवकर बसायचं नाही असा नियम. पण इव्होनीला रोज नव्या बायका कुठून मिळणार? म्हणून बाई तीच, नाव नवं. मी एकदा कुत्रेवाली होते. जन्मात कुत्रा पाळला नाही, पण त्या दिवशी माझ्या कुत्र्याच्या जुलाबांवर मी अशी रडले की शेजारच्या बाईनं मला रुमाल दिला.

तो स्वेटर दिसला त्या दिवशी मी दोना लुर्देस होते, म्हणजे लुर्देसबाई. विधवा, एकटी, मूल नाही, नातवंड नाही. कंपनीला अशाच बायका हव्या होत्या, कारण एका माणसापुरत्या शिजवलेल्या घेवड्याचं पाकीट काढायचंय. तर, "मला कुणी नाही" असं दोना लुर्देस म्हणाली. जेनेरोझा म्हणाली नाही. तुझं भांडण लुर्देसशी असेल तर तिला लिही, मी निरोप देईन.

तू नवी नोकरी लागली म्हणालीस, तेव्हा मी विचारलं, कुठे? तू म्हणालीस, "ऑफिसात." आता ऑफिस काय एकच आहे?

रविवारी ये. भोपळा घालून घेवडा करते.

तुझी आजी. खाली निळा डाग दिसेल तो माझा अंगठा. शाई इव्होनीच्या रंगाच्या डब्यातली आहे, तेव्हा चाटू नकोस.


साओ मिगेल, ४ एप्रिल

जुसारा,

देव तुझं कल्याण करो.

भोपळा मीच खाल्ला.

इव्होनी म्हणते, तुला राग नाही, भीती आहे. तुमच्या ऑफिसात नियम आहे म्हणे, की तिथे काम करणाऱ्याच्या घरच्यांनी गटात बसायचं नाही. आणि तू त्यांना सांगितलं आहेस की तुझे घरचे कुठेतरी लांब, आतल्या गावात असतात. साओ पावलोच्याच टोकाचं साओ मिगेल म्हणजे आतलं गाव! बसनं आलं तर आतलंच वाटतं खरं. म्हणजे मी तुला नाकारलं म्हणून तू रुसलीस आणि तू मला आधीच गावाला पाठवून दिलं होतंस. बघ, आपण दोघी एकाच मातीच्या.

पण काचेमागून उठून "अहो, ही माझी आजी" असं म्हणायला किती वेळ लागला असता? पाव गिळायला लागतो तेवढा. असो. मी ओरडत नाही, इव्होनीच जोरात लिहिते.

आता खरी बातमी. तुझे साहेब, ते सेऊ ओताव्हियो, दोना लुर्देसवर फिदा झाले आहेत. तिनं काय सांगितलं ते तू ऐकलंच आहेस. एक ताट मांडते, घेवडा भिजवताना मूठभर घेते आणि अर्धी मूठ परत डब्यात टाकते, दाराबाहेर कुणी थांबलं की उगाच भांडी वाजवते, घरात कुणी आहे असं वाटावं म्हणून. सगळं तिथल्या तिथे रचलं. कुत्र्याचे जुलाब जमले तर हे का नाही जमणार? साहेब म्हणतात, अशी बाई आजवर भेटली नाही. आता त्यांना तिच्या घरी यायचंय, कॅमेरा घेऊन, तिच्या चुलीवर त्यांचं पाकीट शिजताना बघायला.

इव्होनी म्हणते, नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील. विचारलं तर खोदतील. खोदलं तर आधी तुझी नोकरी जाईल आणि मग तिचा धंदा. म्हणजे हो म्हणायचं. पण माझ्या घरी येणार म्हणजे तुझ्या घरी येणार. भिंतीवर तू आहेस. चर्चमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये, दात पडलेली, दात आलेली, पदवीची चौकोनी टोपी घातलेली. आणि तो एक, नदीकाठी आपण दोघी, तू माझ्या कडेवर आणि तुझ्या हातात माझा एक डूल.

मी काय करू? तू सांगशील तसं.


साओ मिगेल, २८ एप्रिल

जुसारा,

तुझा फोन आला. मला नाही, इव्होनीला. मी तीन घरं पलीकडे होते. हाक मारली असतीस तर पोहोचले असते, गुडघे दुखतात पण पायच आहेत ते. तू म्हणालीस, "आजीला सांग, भिंतीवरचे फोटो काढून ठेव." आणि फोन ठेवलास.

इव्होनीनं निरोप सांगितला तेव्हा तिच्या दोन्ही भुवया जागेवर होत्या. म्हणजे खरा.

काढले, बाई. कालच. स्टुलावर मी चढले आणि इव्होनी खालून "पडाल, दोना जेनेरोझा, पडाल!" करत होती. मी म्हटलं, "पडले तर फोटो सांभाळ, माझं बघू नंतर." सगळे गादीखाली ठेवलेत. रात्रभर तू पाठीला टोचत होतीस, लहानपणी टोचायचीस तशीच.

भिंतीवर पांढरे चौकोन राहिलेत. बाकी भिंत धुरानं पिवळी पडलीय आणि तू होतीस तेवढी जागा स्वच्छ. इव्होनी म्हणाली, कॅलेंडर लावू. एका चौकोनावर कॅलेंडर, एकावर संत अँथनी. हरवलेल्या वस्तू शोधून देतो ना तो? मी त्याला बजावलंय, तू गप्प बस. उरलेल्या जागा तशाच राहिल्या.

गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय. साहेब येतील त्या दिवशी मला जेनेरोझा म्हणायचं नाही. कोपऱ्यावरची मारिकोता म्हणते, "मी तर तुला नावानं कधी हाक मारलीच नाही, म्हातारीच म्हणते."

मला एकच धास्ती आहे आणि ती तुझी. गावाकडे, पाराइबातल्या आपल्या माणसांत, पोर उंबरा ओलांडायच्या आधी आशीर्वाद मागतं, तू तर मुलखावेगळी. झोपेत चालत जाऊन मागायचीस. एकदा पेंगत बसमधून उतरताना कंडक्टरलाच म्हणालीस, "आशीर्वाद दे, आजी." आणि त्या मिशीवाल्यानंही दिला. तेव्हा येशील तेव्हा जीभ दातांत धर. मीही धरते. माझे दात मोजकेच आहेत, पण धरते.


साओ मिगेल, १९ मे

जुसारा,

तू तिथेच होतीस हे मला माहीत आहे. पण तू सगळा वेळ हातातल्या फळीवरच्या कागदात नाक खुपसून बसलीस, म्हणून काय झालं ते सांगते.

दार वाजलं. मी उघडलं. पुढे सेऊ ओताव्हियो, केसांना इतकं चोपडलेलं की माशी बसली असती तर घसरली असती. मागे कॅमेरावाला. त्याच्यामागे तू, गळ्यात पट्टी, पट्टीवर तुझा फोटो. माझ्या घरात त्या दिवशी तुझा तेवढाच फोटो.

"नमस्कार, दोना लुर्देस," तू म्हणालीस.

तेव्हा माझ्या अंगात सैतान शिरला, खोटं कशाला बोलू.

"ये पोरी, बस. नाव काय तुझं?"

"जुसारा."

"छान नाव. कुणी ठेवलं?"

तू कागदाकडे बघितलंस. कागदावर उत्तर नव्हतं.

"आजीनं."

"आहे का आजी?"

"आहे."

"भेटतेस का तिला?"

"दोना लुर्देस," साहेब हसत म्हणाले, "प्रश्न आम्ही विचारायचे असतात."

मग पाकीट फोडलं. कॅमेरावाला भांड्यात वाकून असा बघत होता, जसं काही तिथे बाळ जन्मणार आहे. मी चमचाभर घेवडा तोंडात घातला. साहेबांनी विचारलं, "चव कशी वाटते?" मी म्हटलं, "एकट्या माणसाला चव कशाला लागते?" साहेबांनी ते लगेच लिहून घेतलं, ओठ हलवत, जसं काही मंत्र आहे. तुझं पेन तेव्हा हललं नाही. बघितलं मी.

"हे चौकोन कसले?" त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. उत्तर तू दिलंस, पटकन, "ओल धरते इथे. सगळ्यांच्याच भिंतींना." ओल धरते, अगदी खरं.

कॉफी गाळली. तू उठलीस आणि न विचारता बिस्किटांच्या डब्यातून साखर काढलीस. बिस्किटांच्या डब्यात साखर असते हे कोणत्या पाहुणीला माहीत असतं? मी म्हटलं, "अगं धीट पोरी, लोकांचे डबे उघडतेस?" तू लाल झालीस. मग हात धुवायचे म्हणून आतल्या खोलीतून परसात गेलीस आणि बऱ्याच वेळानं आलीस. मला वाटलं, रडली असशील.

आणि मग उंबरा.

साहेब बाहेर पडले, कॅमेरावाला बाहेर पडला. तू दारात थांबलीस, फळी छातीशी धरून, आणि मान खाली घालून अगदी हळू म्हणालीस, "आशीर्वाद दे, आजी."

"देव तुझं कल्याण करो, बाळा." तुझी जीभ घसरली आणि तिच्या मागोमाग माझीही. धरायला दातच किती!

साहेब वळले. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत तुझी नोकरी काचेच्या पेल्यासारखी टेबलाच्या कडेला आलेली मला दिसली.

"काय बघता, सेऊ ओताव्हियो?" मी म्हटलं. "म्हाताऱ्या बाईच्या उंबऱ्यावरून आशीर्वाद न घेता जातात का कुणी? या पोरीला आईबापांनी वळण लावलंय. तुम्हाला नाही लावलं वाटतं? या इकडे. वाका."

आणि ते वाकले! एवढा मोठा साहेब. डोक्यावर हात ठेवला तर हात तेलकट झाला. कॅमेरावाल्यानं तर कॅमेरा जमिनीवर ठेवला आणि नीट, रीतसर मागितला. म्हणाला, "माझी आजी बाहियाची होती, तीही असाच द्यायची." त्याचे डोळे भरले होते. साहेबांनी वहीत लिहिलं. माझ्यामागे उभ्या असलेल्या इव्होनीनं डोकावून बघितलं, म्हणते, "या भागात अनोळखी वृद्ध बाईचाही आशीर्वाद घेण्याची प्रथा आहे," असं लिहिलंय. आता एखादी कंपनी आशीर्वादाची पाकिटं काढेल.

इव्होनी हसून हसून लोळली. मीही हसले. तू गाडीत बसलीस तेव्हा हसत नव्हतीस.


साओ मिगेल, २ जून

जुसारा,

अक्षर वेगळं दिसेल. हे पत्र औषधवाले सेऊ अदाउतो लिहीत आहेत, त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. इव्होनीसमोर सांगता येत नाही असं सांगायचंय. सेऊ अदाउतोंच्या भुवया अजून माझ्या ओळखीच्या नाहीत, पण गल्लीतली सगळी गुपितं त्यांच्या पोटात जिरलीत, तेव्हा हेही जिरेल.

पहिली गोष्ट, चोरी झाली आहे. गादीखालून फोटो काढून परत भिंतीवर लावायला घेतले तर एक कमी. नदीकाठचा. डुलाचा. मी गादी उलटली, झटकली, संत अँथनीला परत बोलायची परवानगी दिली. नाही. मग मला तुझे हात आठवले. परसातून आलीस तेव्हा ते कोरडेच होते.

पोलिसात जाणार नाही. चोराला माझा आशीर्वाद आहे.

दुसरी गोष्ट. मागे मी लिहवलं होतं की दोना लुर्देसचं सगळं मी तिथल्या तिथे रचलं. कुत्र्याचं रचलं होतं. हे नाही. ती बाई गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही रोज कुणासाठी शिजवता?" आणि मी तोंड उघडलं तर आतून आपोआप बाहेर आलं. मूठभर घेवडा, अर्धी मूठ परत. वाजवलेली भांडी. तू आधी दर रविवारी यायचीस, मग एकाआड एक, मग सणाला. नाव लुर्देसचं होतं, ताट माझंच होतं, बाळा. तू म्हणूनच आरशामागून उठली नाहीस ना? मी खोटं बोलले म्हणून नाही. खरं बोलले म्हणून.

सेऊ अदाउतो चष्मा पुसताहेत. जरा थांबते.

तिसरी गोष्ट. तुझ्या साहेबांना आता दोना लुर्देसचा चेहरा पाकिटावर हवा आहे. जाहिरातीतही. इव्होनीचे पाय जमिनीवर नाहीत. तिनं माझ्या डोक्याला कुठला रंग लावायचा तेही ठरवलंय. म्हणजे प्रत्येक दुकानात माझं तोंड असेल आणि खाली लिहिलेलं असेल की हिला कुणी नाही. तू दुकानात जाशील, दूध घेशील, आणि फळीवरून मी तुझ्याकडे बघत असेन.

तू फोटो काढायला सांगितलेस, मी काढले. आता हेही कर म्हणालीस तर करीन. पाकिटावर हसायचं की रडायचं तेवढं सांग. पण या खेपेला फोनवर नाही, इव्होनीकडून नाही. माझ्यासमोर उभी राहून सांग, "आजी, सगळ्या देशाला सांग की तुला कुणी नाही." तुझ्या तोंडून ऐकलं की मी सही ठोकते. म्हणजे अंगठा.

आणि हे तुला जमणार नसेल, तर काय करायचं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. इव्होनीची काळजी करू नकोस. माणसांचे केस वाढायचे थांबत नाहीत.


साओ मिगेल, १८ जून

जुसारा,

देव तुझं कल्याण करो.

गेल्या आठवड्यात इव्होनी माझ्या दारात आली आणि आत न येताच ओरडली. तुमच्या ऑफिसातून तिला फोन आला होता. दोना लुर्देसची फीत पुसून टाकली, पाकिटावर आता एका नटीचा चेहरा लागणार, आणि इव्होनीकडून यापुढे एकही बाई घेणार नाहीत.

"तुमच्या नातीनं सांगितलं," इव्होनी म्हणाली. "स्वतः जाऊन! कुणी विचारलं नसताना! भर बैठकीत उभी राहिली म्हणे आणि म्हणाली, ही माझी आजी आहे. माझी मीठ-भाकर काढून घेतलीत तुम्ही दोघींनी."

मी विचारलं, "आणि जुसाराचं काय केलं?"

"फोनवरची बाई म्हणाली, ती आता इथे नाही."

इथे नाही म्हणजे कुठे, ते तिला माहीत नाही. मला माहीत नाही. हे पत्र लिहिणाऱ्या सेऊ अदाउतोंनी तुझ्या ऑफिसात फोन लावून बघितला, तिथेही तेच एक वाक्य. तुझ्या खोलीचं भाडं, तुझं जेवण, रात्री झोपतेस की नाही, सगळं मनात येतं. तू खरं बोललीस याचा आनंद करायला मन धजत नाही. आनंद कर म्हटलं की तुझी चौकोनी टोपी डोळ्यांसमोर येते.

इव्होनी माझ्याशी बोलत नाही. माझे केस मीच कापले. आता चर्चला डोक्याला रुमाल बांधून जाते. मारिकोता म्हणते, उंदरानं कुरतडल्यासारखे दिसतात. इव्होनी मात्र चर्चमध्ये माझ्या डोक्याकडे बघून हसली आणि मग आठवण होऊन गंभीर झाली. येईल. तिला वेळ लागेल.

तुलाही लागेल. पण संत जॉनचा सण आलाय. गल्लीत सणाची मोठी शेकोटी रचायला लाकडं जमताहेत. मक्याची खीर करणार आहे, मोठ्या पातेल्यात. मूठ भरली की परत डब्यात टाकणार नाही, असं ठरवलंय. उरली तर मारिकोता आहेच, तिला कधी नको म्हणता आलेलं नाही.

भिंतीवर सगळे फोटो आपापल्या जागी लागलेत, एक खिळा सोडून. तो रिकामाच ठेवलाय. फोटो टपालानं पाठवू नकोस. वाटेत चुरगळतो.

ये. नोकरी गेली असली तरी ये, राग असला तरी ये. दारात आल्यावर पहिलं काय म्हणायचं ते तुला शिकवायला नको. मी आत चुलीपाशी असेन आणि ऐकू न आल्याचं सोंग घेईन. मोठ्यानं म्हण. पुन्हा म्हणावं लागेल.